सिलेक्टर स्विचची खडखड: दुरुस्तीवाल्या काकांना आभाराचं पत्र

काका, सप्रेम नमस्कार.

लेस पॉल या इलेक्ट्रिक गिटारच्या वरच्या खांद्यावरचा टॉगल स्विच, म्हणजे कुठला पिकअप (तारांचा आवाज टिपणारा भाग) चालू ठेवायचा ते निवडणारी दांडी, खडखडतो म्हटलं की बहुतेक ठिकाणी एकच उत्तर मिळतं: स्विच बदला. तुम्ही ते दिलं नाहीत, म्हणून हे पत्र. तुमची पद्धत आणखी चार गिटारवाल्यांना कळावी म्हणून उघडच लिहितो आहोत.

तुमचं पहिलं सांगणं सगळ्यात मोलाचं होतं. पाना हातात घेण्याआधी अँपची (अँप्लिफायरची) वायर काढा आणि कोरडी गिटार ऐका. खडखड तशीही ऐकू आली तर काहीतरी सैल आहे. फक्त अँपमधून करकर येत असेल तर दोष कॉन्टॅक्टचा (स्विचच्या आत वीज जोडणाऱ्या टोकांचा), आणि त्याचा इलाज वेगळा. सैल भाग प्रत्येक स्वराला थरथरत नाही, आपल्या कंपनाशी जुळणारा स्वर आला की बोलतो. म्हणून जाड ई तारेवर पहिल्या फ्रेटपासून बाराव्यापर्यंत एकेक स्वर जोरात छेडायचा. ज्या स्वराला आवाज येईल तोच पुन्हा पुन्हा वाजवायचा आणि दुसऱ्या कुणीतरी एकेक भाग बोटानं दाबत जायचं: दांडीवरची टोपी, तिच्याभोवतीची चकती, ती धरणारा नट, मागचं झाकण. ज्यावर बोट ठेवताच आवाज थांबेल, चोर तिथेच. तिन्ही जागांवर स्विच फिरवून हे करायचं, कारण दांडी मधल्या जागेवर आणि टोकाच्या जागांवर सारख्याच दाबाखाली नसते.

आणि बहुतेक वेळा सापडते ती ‘रिदम’ आणि ‘ट्रेबल’ लिहिलेली प्लास्टिकची चकती. हिलाच गिटारवाले पोकर चिप म्हणतात. वरचा नट थोडा जरी ढिला झाला की ती लाकडावर मोकळी नाचते. नट करकचून आवळला तर चकतीला तडा जातो, ढिला ठेवला तर खडखड परत येते. तुमचा उपाय या दोन्हींच्या मधला: चकतीखाली तेवढ्याच मापाची पातळ फेल्टची किंवा रबराची रिंग कापून घालायची, मग नट बेताचाच आवळायचा. रिंग वरून दिसत नाही. नट वारंवार सुटत असेल तर आट्यांवर नेलपॉलिशचा एक ठिपका पुरतो. कायमचं पक्कं करणारं थ्रेडलॉक इथे नको, पुढे कधी स्विच काढायचा झाला तर घाम फुटेल.

नट आवळताना पकड वापरू नका, हे तुम्ही बजावून सांगितलं होतं. त्या गोल दातेरी नटाला सपाट बाजू नसते. पकड घसरते आणि ओरखडा थेट पॉलिशवर उठतो. टॉगल स्विचचा खास पाना नसेल तर नटाभोवती चामड्याची पट्टी गुंडाळून फिरवावं. त्याआधी मागच्या गोल झाकणाचे तीन स्क्रू काढून स्विचचं अंग आतून बोटांनी धरायचं. न धरता नट फिरवला तर अख्खा स्विच फिरतो, तारा पिळतात आणि सोल्डर तुटतं. मग खडखड जाते, पण पिकअपही जातो!

टोपीचा घोटाळा वेगळाच. अमेरिकन स्विचक्राफ्ट कंपनीच्या स्विचच्या दांडीला ८-३२ या अमेरिकन मापाचे आटे असतात, आशियाई बनावटीच्या बऱ्याच स्विचला एम-४ या मेट्रिक मापाचे. दोन्ही दिसायला सारखेच, पण अमेरिकन मापाची टोपी एम-४ दांडीवर सैल बसते आणि झिणझिणते. उलट केलं तर आवळताना टोपीचे आटे कापले जातात. योग्य टोपी मिळेपर्यंत नळाला लावतात ती पांढरी टेफ्लॉन टेप दांडीवर एक-दोन वेढे गुंडाळली की काम भागतं. जास्त वेढे दिले तर टोपी चिरते.

झाकण उघडलेलंच असतं तेव्हा आतल्या तारा भिंतीला आपटताहेत का तेही पाहायचं. आपटत असतील तर फोमचा छोटा तुकडा बाजूला दाबायचा, पण स्विचच्या पात्यांच्या (कॉन्टॅक्ट जोडणाऱ्या धातूच्या पट्ट्यांच्या) हालचालीत येऊ द्यायचा नाही. पोकळीला तांब्याची पट्टी लावलेली असेल तर सिग्नलचं कुठलंही टोक तिला टेकता कामा नये. टेकलं की त्या जागेवर पिकअप मुका होतो. झाकण लावण्यापूर्वी मल्टीमीटरनं तपासलेलं बरं.

करकर असेल तर तेलकट स्प्रे नव्हे, मागे काही न ठेवणारा कॉन्टॅक्ट क्लीनर. जाड कागदाची पट्टी त्यात किंचित भिजवून दोन पात्यांमध्ये धरायची आणि चार-पाच वेळा ओढायची. सॅंडपेपर कधीच नको, वरचा मुलामा गेला की कॉन्टॅक्ट लवकर काळे पडतात. पातं वाकलं असेल तर बारीक नोकाच्या पकडीनं अगदी थोडं सरळ करावं. इतकं करूनही पातं दबत नसेल तर मात्र स्विच बदलावाच, तिथे कंजुषी नको.

स्ट्रॅटोकास्टर या दुसऱ्या प्रकारच्या गिटारवाल्यांचं काम सोपं आहे. तिथला दांडीचा स्विच पिकगार्डला (गिटारच्या पुढच्या प्लास्टिकच्या पत्र्याला) दोन स्क्रूंवर असतो. आधी ते आवळायचे, मग टोपी हलवून पाहायची. ती सैल असेल तर दांडीवर टेपची एक घडी पुरते.

तुम्ही हे सगळं हातचं न राखता सांगितलंत, त्याबद्दल मनापासून आभार. फेल्टच्या रिंगा कापून ठेवल्या आहेत, लागतील तेव्हा हक्कानं मागा.

कळावे, लोभ असावा.

तुमचे,
गिटारवाले