लिंबात वीज नसते हो, खिळ्यात असते

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या मुलांच्या पानावर लिंबाच्या बॅटरीचा प्रयोग आला होता. ५ लिंबं, ५ खिळे, तांब्याची तार आणि टॉर्चचा बल्ब, जोडा आणि लिंबातली वीज बघा. माझी नात सातवीत आहे, तिला शाळेत प्रोजेक्ट द्यायचा होता, तिने पान कापून माझ्यासमोर ठेवलं आणि म्हणाली आजोबा तुम्ही वायरमन होतात ना, मग चला. आता मी बेस्टमध्ये आख्खी नोकरी २३० व्होल्टशी खेळण्यात काढली, लिंबू काय चीज आहे असं वाटलं होतं. या लिंबाने चार दिवस घाम काढला म्हणून हे पत्र.

पहिली गडबड खिळ्याची. पानात नुसतं "खिळा" लिहिलंय. घरातले साधे लोखंडी खिळे मारले, मीटर लावला तर एका लिंबाला अर्धा व्होल्टही येईना. खिळा जीआयचा लागतो, म्हणजे जस्त चढवलेला, पत्र्याच्या शेडला मारतात तो. हार्डवेअरवाल्याकडून ते आणले आणि एका लिंबाला ०.९२ व्होल्ट आले. पाच लिंबं सिरीजमध्ये, म्हणजे एकाचा खिळा पुढच्याच्या तांब्याला अशी एकामागोमाग एक जोडली, साडेचारच्या वर. बल्ब जोडला, काळोख.

नात म्हणाली, आजोबा बल्ब अडीच व्होल्टचा आणि आपल्याकडे साडेचार, उलट उडायला पाहिजे होता ना? प्रश्न एक नंबर होता. तिला म्हटलं बल्ब जोडलेला ठेव आणि आता व्होल्टेज बघ. मीटर जवळपास शून्यावर. आमच्या चाळीत वरच्या मजल्यावर जसं होतं ना, टाकी भरलेली पण नळाला करंगळीएवढी धार, तसं आहे हे, लिंबाच्या आतलाच अडथळा एवढा मोठा की करंट बाहेर पडतच नाही. आमचं एक लिंबू शॉर्ट करून, म्हणजे दोन्ही टोकं मीटरमधून थेट जोडून, मोजलं तर अर्धा मिलीअँप, आणि टॉर्चचा तो बल्ब मागतो ३०० मिलीअँप. मग बसल्या बसल्या कागदावर हिशेब केला, व्होल्ट टिकवायला एका रांगेत सहा लिंबं आणि करंट पुरवायला अशा अकराशे रांगा, म्हणजे असल्या लिंबांनी तो बल्ब नीट पेटवायचा तर साडेसहा हजाराच्या वर लिंबं लागतील. ५ रुपयाला एक धरलं तरी तेहतीस हजार रुपये, आणि दादरच्या मंडईतून टेम्पो करून आणायला लागतील ते वेगळंच. संपादक साहेब, ज्याने कोणी तो प्रयोग लिहिला त्याने एकदा तरी करून बघितला होता का हो?

लॅमिंग्टन रोडवरून लाल एलईडी आणि क्रोकोडाइल क्लिपा (तारा पकडायचे दातेरी चिमटे) आणल्या. एलईडी पेटला, पण खोलीतली ट्यूब बंद केल्यावर दिसेल इतपत. मग पॉवर वाढवायची कशी यावर घरात सगळे इंजिनिअर झाले. सूनबाई म्हणाली अजून लिंबं लावा, १० लावली, व्होल्ट नऊच्या वर गेले पण उजेडात फरक उन्नीस-बीस, कारण लिंबू वाढलं तसा अडथळाही वाढला. नातीने लिंबं वाचवायला एकाच लिंबात खिळ्या-तारेच्या दोन जोड्या खुपसून त्या सिरीजमध्ये जोडल्या, व्होल्टेज एका जोडीएवढंच. रस एकच आहे ना, तो आतल्या आतच दोन्ही जोड्या जोडून टाकतो, मग सिरीज कसली. पण तेच लिंबू कापून दोन फोडी वेगवेगळ्या बशीत ठेवल्या की दोन सेल झाले, आणि अर्ध्या फोडीला करंट पूर्ण लिंबाएवढाच आला! मला स्वतःला तिथे लाइट पेटली की लिंबाच्या साइजला काही किंमत नाहीये, किंमत आहे रसात किती धातू बुडालाय त्याला.

मग खिळे फेकले. जीआय पत्र्याच्या दोन बोटं रुंद पट्ट्या कापल्या (हे मोठ्यांनीच करावं, कडा ब्लेडसारख्या असतात) आणि तांब्याच्या एका तारेऐवजी जाड फ्लेक्सिबल वायर सोलून तिचे पदर पंख्यासारखे पसरून फोडीत घातले. पट्टी आणि पदर यांच्यात आगकाडीएवढी फट, चिकटले की शॉर्ट. कापण्याआधी लिंबू सरबताला करतो तसं ओट्यावर तळहाताने दाबून लोळवायचं, आतले पडदे फुटतात आणि रस मोकळा होतो. एवढं केल्यावर तीच फोड तीनेक मिलीअँप देऊ लागली, म्हणजे सहापट, आणि ३ लिंबांच्या ६ फोडींवर एलईडी भर दिवसा दिसायला लागला. नातीने खालच्या मजल्यावरची पोरं गोळा केली.

पाच-सात मिनिटांनी उजेड उतरला. भिंगातून बघितलं तर तांब्याच्या पदरांवर बारीक बुडबुडे बसलेले, सोड्याच्या ग्लासाला बसतात तसे. तो हायड्रोजन, तांबं झाकून टाकतो. पदर जरा हलवले, बुडबुडे सुटले, एलईडी परत वर. हे नातीने वहीत चित्र काढून लिहिलं, मला तर प्रोजेक्टमधला हाच भाग सगळ्यात आवडला.

बटाट्याचंही करून बघा. जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातल्या लोकांनी २०१० साली दाखवलं होतं की बटाटा ८ मिनिटं उकडला तर कच्च्यापेक्षा दहापटीपर्यंत पॉवर देतो, कारण तेच, आतले पडदे मोडतात आणि अडथळा कमी होतो. आमच्याकडे वड्यासाठी उकडलेल्यातले दोन चोरले.

आणि मुख्य चूक "लिंबातली वीज". वीज जस्तातून येते, जस्त विरघळतं, झिजतं, तेच इंधन. लिंबू फक्त मधला रस्ता. इटलीच्या व्होल्टा नावाच्या शास्त्रज्ञाने १८०० साली पहिली बॅटरी केली तेव्हा लिंबू कुठे होतं, मिठाच्या पाण्यात भिजवलेले पुठ्ठ्याचे तुकडे होते दोन धातूंच्या चकत्यांमध्ये. आम्ही पत्रा आणि तांब्यामध्ये मिठाच्या पाण्याचं फडकं ठेवून बघितलं, व्होल्टेज थोडं कमी आलं पण आलं. आमच्या लिंबातली पट्टी दोन दिवसांनी काढली तर चमक जाऊन काळपट, खरबरीत झालेली. ते गेलेलं जस्त रसात उतरलंय, म्हणून प्रयोगाची लिंबं, बटाटे खायचे नाहीत. हे तुमच्या पानात एका शब्दाने नाही आणि आमच्या सौ. फोडी लोणच्याला घेऊन निघाल्या होत्या, अहो कशाला टाकता म्हणत.

तरी पुढच्या रविवारी टॉर्चच्या बल्बच्या जागी लाल एलईडी, खिळ्याच्या जागी जीआय पत्रा, आणि खाऊ नये ही सूचना, एवढी दुरुस्ती छापावी ही विनंती.

आपला,
एक निवृत्त वायरमन, परळ

ता.क. नात सांगतेय की एलईडीचा लांब पाय तांब्याच्या टोकाला जोडायचा हेही लिहा, उलटा जोडून आमची एक आख्खी संध्याकाळ गेली.