नऊची तोफ

हवाना,
अनंत चतुर्दशी

ती. आई-अप्पांस,
सा. न. वि. वि.

मी मजेत आहे. वीज गेली की इथलं नेटही जातं, म्हणून फोन लागत नाही, एवढंच. वर्गातली एकजण पुण्याला येतेय, तिच्याबरोबर पत्र देते. आई, मी उपाशी नाही. भात आणि काळा घेवडा असतोच, वर तुझं कांदा-लसूण तिखट. विद्यापीठाच्या ८८ पायऱ्या रोज चढते, आता बोल.

अप्पा, रांगेत दिवस कसा जातो विचारलंत. इथली रांग दिसतच नाही! पावाच्या दुकानापुढे माणसं विखुरलेली. कोणी सावलीला, कोणी पायरीवर. आपण जाऊन मोठ्यानं विचारायचं, ‘एल उल्तिमो?’ म्हणजे शेवटचा कोण? एक हात वर होतो. आपण त्याच्यामागे. पण त्याच्यापुढे कोण, हेही विचारून ठेवायचं. तो कंटाळून घरी गेला तर आपला नंबर कोणामागे? आपल्यानंतरचा आला की हात आपण वर करायचा, मग खुशाल हिंडा. पहिल्या दिवशी मी दाराशी ताठ उभी. एका आजींनी दंडाला धरून पायरीवर बसवलं.

फोटोतल्या पडक्या भिंती बघून घाबरू नका. १५१९ सालचं शहर आहे, गिलावा पडणारच. रात्री मालेकॉनच्या कठड्यावर बसते हे खरं, पण एकटी नाही. समुद्राचा वारा खायला निम्मं गाव तिथे असतं. आणि आई, फोनवर ऐकलास तो स्फोट नव्हता गं! खाडीपलीकडच्या किल्ल्यातून रोज रात्री नऊला तोफ उडते. पूर्वी तोफ झाली की तटाचे दरवाजे बंद. उशीर झाला की हिरकणीची गत. तट १८६३ पासून पाडत आणला, तोफ राहिली. तेव्हा तुमच्याकडे सकाळचे साडेसहा. अप्पा दुधाला निघाले असतील, असं रोज मनात येतं.

दादाचं ठरलं, फार आनंद झाला. मार्गशीर्षात परीक्षा आहे. खरं सांगायचं तर परीक्षा पुढे ढकलता येईल, तिकीट नाही परवडणार. पतसंस्थेचा हप्ताही अजून तुम्हीच भरताय. शिष्यवृत्तीतून काही उरलं की पाठवते. याआधीही मी दोनदा असंच म्हणाले होते, माहीत आहे. माझ्या स्थळाचं एवढ्यात काढू नका.

करवली म्हणून चिंगीला उभी करा. माझी मोरपंखी साडी तिला द्या. ब्लाऊज घट्ट होईल. उसवा, आत दोन बोटं माया ठेवलेली आहे.

तुमची,
बेबी