व्हॅनेडियमच्या ब्लॉकचा लिलाव करण्याआधी चुंबकाने चाचणी करा : खनिकर्म मंत्र्यांना खुले पत्र

मा. मंत्री महोदय,
खनिकर्म विभाग, महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

खाण कायद्याच्या २०२३ च्या दुरुस्तीनंतर व्हॅनेडियम (पोलाद कणखर करणारा धातू) आणि टायटॅनियमच्या खनिजांचा लिलाव केंद्राकडे गेला. जमिनीवरचे शोधकाम मात्र आपले नागपूरचे भूविज्ञान आणि खनिकर्म संचालनालयही करते, म्हणून हे पत्र आपल्याला.

आधी घरचे. सीनेच्या वाळूत प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला चुंबक फिरवला की त्याला काळ्या कणांची दाढी फुटते. ते टायटॅनियमयुक्त मॅग्नेटाइटच, म्हणजे चुंबकाला चिकटणारे लोहखनिज, त्यात खोटे काही नाही. आपल्या काळ्या पाषाणात टायटॅनियम डायऑक्साइड साधारण २ ते ३ टक्के असते आणि व्हॅनेडियम दहा लाखांत ३००-४०० भाग. म्हणजे शंभर टन दगडाचे पीठ केले तर ३०-४० किलो, तेही सगळे निघाले तर! चीनमधला पांझीहुआचा साठाही लाव्हाच्या प्रदेशातच आहे, असे कोणी ऐकवेल. आहे खरा, पण तो लाव्हाच्या थरांत नाही, खोलवर सावकाश निवलेल्या गॅब्रो नावाच्या दगडात आहे. तिथे जड मॅग्नेटाइटला थर धरायला वेळ मिळाला. आपला लाव्हा उघड्यावर वाहिला आणि लवकर गोठला. तेव्हा सोलापूरच्या माळरानाला ‘टायटॅनियमची जमीन’ म्हणून भाव चढवणारा अहवाल कोणी आणला, तर त्यावर शासनाचा शिक्का पडू नये. या दगडाची खडी मात्र उत्तम होते.

शोध घ्यायचा तो गोंदिया-भंडाऱ्याकडे. तिथे व्हॅनेडियमयुक्त मॅग्नेटाइटची नोंद जुनी आहे. पण तिथेही अहवालात अख्ख्या दगडातले व्हॅनेडियम मोजून भागत नाही. कारखान्यात जाणार ते चुंबकाने वेगळे केलेले सांद्रित. म्हणून प्रत्येक नमुना ७५ मायक्रॉनखाली दळून डेव्हिस ट्यूबमधून (चुंबकाने कण वेगळे करणारी प्रयोगशाळेतली नळी) काढावा, दगडातून किती टक्के सांद्रित निघाले ते लिहावे आणि त्या सांद्रितातले व्हॅनेडियम पेंटॉक्साइड, टायटॅनियम, सिलिका मोजावे. दक्षिण आफ्रिकेच्या बुशवेल्डच्या खाणपट्ट्यात सांद्रितातले पेंटॉक्साइड दीड टक्क्याच्या वर जाते. आपला किती, हे लिलावाच्या कागदावर दिसलेच पाहिजे. धातू आणि ऑक्साइड यांची गल्लतही नको, दोहोंत १.७८५ पटीचा फरक आहे.

पृष्ठभागावरचे ढेकूळ फसवते. हवा-पाण्याने मॅग्नेटाइटचे हेमॅटाइट होते, मग चुंबक त्याला नीट धरत नाही आणि माल टाकाऊ गाळात वाहून जातो. त्यामुळे खंदकाच्या नमुन्यावर थांबू नये. आधी जमिनीवरून चुंबकीय सर्वेक्षण, मग ताज्या दगडापर्यंत ड्रिलिंग. ड्रिलने निघालेला दगडाचा दांडा, म्हणजे गाभा, उभा चिरून अर्धा पेटीत जपावा, अर्धा तपासायला द्यावा. नमुना मीटर-मीटरचा, पण दगड बदलला तिथे तोडावा. प्रयोगशाळेची पारख म्हणून दर वीस नमुन्यांत एक प्रमाणित (आकडा आधीच माहीत असलेला) नमुना आणि एक कोरा (धातू नसलेला) असावा. गाभा नोंदवायला माणसे हवीत, तर सोलापूर विद्यापीठातही भूविज्ञान शिकवले जाते. तिथली मुले घ्या.

पुढची अडचण भट्टीची. सांद्रितात सोडा मिसळून फिरत्या भट्टीत भाजले की पाण्यात विरघळणारे सोडियम व्हॅनेडेट तयार होते. त्यातून अमोनियम लवण, मग ऑक्साइड. सिलिका जास्त राहिली तर ती सोडा खाते, माल चिकट होतो आणि भट्टीच्या आत त्याचा कड्यासारखा थर जमतो. चुना जास्त असेल तर व्हॅनेडियम कॅल्शियमशी बांधले जाते आणि पाण्यात उतरत नाही. टायटॅनियम या वाटेने बाहेर येतच नाही, भाजलेल्या गाळात राहते. वितळवून लोखंड काढायला गेलात तर टायटॅनियम धातुमळीत (स्लॅगमध्ये) जाते, आणि पांझीहुआत अशा धातुमळीचे डोंगर उभे आहेत. म्हणून ज्या प्रकल्प अहवालात दोन्ही धातूंची पूर्ण विक्री धरून नफा दाखवला असेल, तो परत पाठवा.

त्या भाजलेल्या गाळात विरघळणारे व्हॅनेडियम उरते, ते विषारी आहे. गोंदिया-भंडारा तळ्यांचा आणि धानाचा मुलूख. अस्तर घातलेल्या तलावाशिवाय गाळ टाकू देऊ नये. आणि पहिले बोअर मारण्याआधी आसपासच्या विहिरींच्या पाण्याची तपासणी करून आकडे ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावेत. नंतर पाणी बिघडले की ‘आधीपासून असेच होते’ हे उत्तर ठरलेले असते.

आपले,
सोलापुरातील भूवैज्ञानिक आणि धातू अभियंते