ताट वेगळं करू नका

ती. आई आणि बाबा,
शि. सा. नमस्कार.

फोनवर सांगितलं असतं तर बाबांनी "बघू" म्हणत फोन आईकडे दिला असता, म्हणून लिहितेय. पुढच्या शनिवारची पुण्याची तिकिटं काढली आहेत, दोन्ही खालचे बर्थ. रामबागेचं घर सोडायला मी सांगत नाहीये. बाबांच्या हेपेटायटिस सी च्या, म्हणजे लिव्हरच्या विषाणूवरच्या गोळ्यांचा कोर्स १२ आठवड्यांचा आहे, तेवढेच दिवस.

इंदुरात डॉक्टर नाहीत असं नाही. पण इथे हृदयाचे आणि लिव्हरचे डॉक्टर एकाच इमारतीत बसतात, एकमेकांशी बोलून औषध लिहितात. अटॅकनंतर ठोके बिघडले तेव्हा बाबांना अमिओडॅरोन दिलं होतं. ते शरीरात कित्येक आठवडे राहतं आणि या कोर्समधल्या सोफोसबुविर गोळीबरोबर नाडी धोकादायक मंदावू शकते. कोर्स कधी सुरू करायचा ते दोन्ही डॉक्टरांनी मिळून ठरवायला हवं. आणि खरं सांगू? अटॅकच्या रात्री आई एकटी रिक्षा शोधत होती आणि मी इथे झोपले होते. ते माझ्या मनातून जात नाही.

बाबा, कुणीतरी लिव्हर खराब होतं म्हणालं म्हणून तुम्ही रात्रीची कोलेस्टेरॉलची गोळी बंद केलीत. आईने परवा सांगितलं. असं करू नका हो. हा विषाणू शरीरात बारीक सूज धरून ठेवतो, साखर वाढवतो, धमन्यांना त्रास देतो. म्हणून अटॅकनंतर अशा माणसाला जास्तच जपावं लागतं. त्यात लिव्हरच्या धास्तीने हृदयाचीच औषधं सुटली तर काय राहिलं? तुमचं कोलेस्टेरॉल दरवेळी कमी यायचं आणि आपण खूश व्हायचो. हेपेटायटिस सी मध्ये ते तसं कमी दिसू शकतं म्हणे, आणि विषाणू गेला की वाढतं. तुमचे रिपोर्ट पाहून डॉक्टर म्हणाले, लिव्हर अजून कडक झालेलं नाही, कोलेस्टेरॉलची गोळी आजपासून चालू करा.

आणि ते वेगळं ताट, वेगळा पेला ठेवणं बंद करा. यात तुमचा काय दोष? अल्सरच्या ऑपरेशनला रक्त चढवलं ते १९९० साल. विषाणूच १९८९ मध्ये सापडला होता, बाटलीतलं रक्त त्यासाठी तपासणार कोण? तो रक्तातून पसरतो, एका ताटात जेवल्याने नाही, नातवाला मांडीवर घेतल्याने तर नाहीच. रविवारी सकाळी बाबांच्या पोह्यांशेजारची अर्धी जलेबी कायम माझी असायची. ती मला हवीय.

मागची खोली तुमची. बाथरूममध्ये धरायला दांडा बसवलाय, सकाळचं ऊन थेट पलंगावर येतं. सेव मिळेल, पण चमचाभरच, मिठामुळे. खर्चाचं मनात आणू नका. या गोळ्या २०१८ पासून सरकारी कार्यक्रमात मोफत मिळतात. तुळशीला पाणी घालायला शेजारच्या वहिनींना सांगितलंय.

आई, आता तू ऐक. डिस्चार्ज कार्ड आणि सगळ्या गोळ्यांची पाकिटं हातातल्या पिशवीत ठेव, बॅगेत नाही. स्टेंटच्या दोन्ही गोळ्या एक दिवसही चुकवायच्या नाहीत. त्यांनी रक्त पातळ होतं, म्हणून शौचाला काळं झालं तर लाजू नका, तेव्हाच डॉक्टरांना गाठा आणि मला कळवा. बाबांचा दाढीचा रेझर आणि नेलकटर मात्र वेगळेच असू देत. काढा-चूर्ण कुणी कितीही प्रेमाने दिलं तरी नाही.

गाडीत पहाटे गार होतं. स्वेटर वरच ठेव.

तुमची,
सोनू