मिनी इम्प्लांट म्हणजे स्वस्तातला इम्प्लांट नव्हे

संपादक महोदय,

‘एका दिवसात पक्के दात, टाके नाहीत, निम्म्या खर्चात’ अशा जाहिराती सध्या वर्तमानपत्राच्या पुरवण्यांत, धरमपेठेपासून मानेवाड्यापर्यंतच्या फलकांवर आणि ऑटोच्या पाठीवरही दिसतात. त्यामागे अनेकदा मिनी इम्प्लांट असतो. इम्प्लांट म्हणजे गेलेल्या दाताच्या मुळाऐवजी जबड्याच्या हाडात बसवायचा स्क्रू; मिनी म्हणजे त्यातला बारीक. मात्र ‘मिनी’ हा शब्द कोपऱ्यात बारीक अक्षरांत असतो, नाहीतर नसतोच. मी दंतवैद्य नाही. आयटीआयमध्ये फिटरचा ट्रेड शिकवत निवृत्त झालो, त्यामुळे निदान स्क्रूबद्दल बोलायला हरकत नसावी.

नेहमीचा इम्प्लांट साधारण ३.५ ते ५ मिलिमीटर जाडीचा असतो. मिनी ३ मिलिमीटरपेक्षा बारीक, काही तर जेमतेम १.८. ऐकायला फरक किरकोळ वाटतो. पण ४ मिलिमीटरच्या भरीव सळईऐवजी २ मिलिमीटरची घेतली, तर वाकवणारा जोर सोसण्याची तिची ताकद निम्मी होत नाही, आठव्या हिश्श्यावर येते. (मोठा इम्प्लांट वरच्या बाजूला पोकळ असतो, त्यात आटे असतात, म्हणून हिशेब अगदी असाच उतरत नाही; पण रोख हाच.) दाढेवर दाब नुसता वरून येत नाही. भाकरी किंवा सावजीचे मटण चावताना तो आडवाही येतो. एकट्या मिनीवर दाढ बसवली की तो सैल होण्याचा, क्वचित मोडण्याचा धोका वाढतो, आणि हाडात मोडलेला तुकडा काढणे सोपे नसते.

आमच्या मेहुण्यांना शहरातल्या एका क्लिनिकने खालच्या दाढेसाठी मिनीच सुचवला. हाड भरपूर होते. मग मिनी कशाला, असे विचारल्यावर उत्तर आले, ‘खर्च कमी येतो.’ हाडाबद्दल अवाक्षर नाही. माझा राग त्या उत्तरावर आहे, मिनीवर नाही.

कारण मिनीला स्वतःचे चांगले काम आहे. सगळे दात जाऊन वर्षे लोटली की खालचा जबडा झिजून सुरीच्या धारेसारखा होतो आणि कवळी जेवताना तोंडभर फिरते. तिथे पुढच्या भागात बहुधा चार मिनी बसवतात. त्यांच्या गोल डोक्यांवर कवळीतली रबरी रिंग अडकते आणि कवळी जागची हलत नाही. हिरडी बरेचदा कापावी लागत नाही, हाड भरण्याची शस्त्रक्रिया टळू शकते, आणि सत्तरीपुढच्या माणसाला एवढे पुरते. रिंग मात्र झिजते, अधूनमधून बदलावी लागते. वरच्या जबड्याचे हाड पोकळसर, तिथे चार पुरत नाहीत.

एखाददुसरी दाढ गेली असेल आणि हाड शाबूत असेल, तर जाड इम्प्लांटच बरा. इम्प्लांट ज्या टायटॅनियम धातूचा असतो त्याला हाड घट्ट धरते, हे स्वीडनचे संशोधक ब्रॉनमार्क यांना १९५०च्या दशकात सशांवरच्या प्रयोगांत दिसले आणि १९६५मध्ये त्यांनी पहिल्या रुग्णाला असे दात बसवले. हाड धरायला वेळ लागतो, म्हणून बहुधा तीन ते सहा महिने थांबून स्क्रूवर दाताची कॅप बसवतात. स्क्रू सुरुवातीलाच पक्का बसला तर तात्पुरती कॅप लवकर देता येते, पण ते डॉक्टरांनी हाड पाहून ठरवायचे, फलकाने नव्हे.

आपल्या नागपुरात आणखी एक गोष्ट विचारायलाच हवी, ती म्हणजे खर्रा, सुपारी-तंबाखूचे मिश्रण. ते खाऊन तोंडच पुरेसे उघडत नसेल तर मागच्या दाढेपर्यंत ड्रिल पोचणार कसे? साखर आटोक्यात नसेल तर जखम भरायला वेळ लागतो. या दोन्ही बाबतींत मिनी काय, मोठा काय, सारखेच.

ज्यांना शंका असेल त्यांनी सही करण्याआधी मेडिकलजवळच्या (म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाजवळच्या) शासकीय दंत महाविद्यालयात दुसरे मत घ्यावे. सीबीसीटी स्कॅन (जबड्याचा त्रिमितीय एक्स-रे) काढला असेल तर सोबत न्यावा. आणि काम झाल्यावर इम्प्लांटची कंपनी, जाडी, लांबी व लॉट क्रमांक लिहिलेले कार्ड मागून घ्यावे. उद्या तो स्क्रू सैल झाला आणि डॉक्टर बदललेला असला, तर नव्या डॉक्टरला कुठला पाना लागेल हे त्या कार्डावरूनच कळते.

आपल्याकडे एवढीच मागणी आहे की ‘एका दिवसात दात’ची जाहिरात छापताना इम्प्लांट मिनी आहे की नेहमीचा, हे मोठ्या अक्षरांत लिहिण्याची अट घालावी.

आपला,
एक निवृत्त शिल्प निदेशक,
मानेवाडा, नागपूर