स्वरयंत्र काढलेल्या रुग्णांच्या वाचोपचारासाठी आवाहन

घशाच्या कॅन्सरमुळे स्वरयंत्र पूर्ण काढावे लागले की श्वास मानेवरच्या छिद्रातून, म्हणजे स्टोमातून, सुरू होतो. फुप्फुसातली हवा तोंडाकडे येत नाही, म्हणून आवाज जातो. जीभ, ओठ, दात बहुतेकांचे शाबूत असतात आणि बोलणे त्यांच्याच जोरावर परत येते, पण ते शिकावे लागते. या शिकवणीसाठी आमच्या रुग्ण मदत गटाला हातभार हवा आहे.

इलेक्ट्रोलॅरिन्क्स, म्हणजे मानेला टेकवून कंपनाने आवाज देणारे हातातले यंत्र, घेऊन देणारे दाते भेटतात. शिकवणीचा खर्च उचलणारे फार थोडे. मग यंत्र कपाटात पडून राहते. रेडिएशनने मान टणक झाली असेल किंवा ऑपरेशनची सूज उतरली नसेल, तर कंपन आत शिरतच नाही, नुसती घरघर ऐकू येते. अशा वेळी मऊ जागा शोधायची, कधी हनुवटीखाली, कधी गालावर. तीही सापडली नाही तर यंत्राला तोंडात धरायची नळी जोडायची. बटण बोलण्यापुरतेच दाबायचे. श्वास जोराने सोडला तर स्टोमाचा फुसफुसाट शब्दांवर चढतो. यंत्र सतत घुमत असल्याने ‘पाणी’चे ‘बाणी’ होते आणि ‘हात’ ‘आत’ ऐकू येतो. हे सुधारायला वाचोपचारतज्ज्ञासमोर बसून पुन्हा पुन्हा सराव करण्यावाचून इलाज नाही. घरच्या एका माणसानेही सोबत बसावे. ऐकणाऱ्याचा कानही तयार व्हावा लागतो.

व्हॉइस प्रोस्थेसिस म्हणजे श्वासनलिका आणि अन्ननलिका यांच्यामधल्या भिंतीत बसवलेली सिलिकॉनची एकमार्गी झडप. स्टोमा बोटाने झाकून बोलले की आवाज बराच नैसर्गिक येतो. पण हा खर्च एकदाच होऊन संपत नाही. झडपेवर बुरशी धरली की ती नीट मिटत नाही, पाणी पिताना खोकला येतो आणि सहसा काही महिन्यांत ती बदलावी लागते. ती निसटून पडली तर भिंतीतले छिद्र काही तासांतच आकसू लागते. त्यामुळे डॉक्टरांनी दिलेला योग्य मापाचा कॅथेटर, म्हणजे छिद्रात घालून ते उघडे ठेवणारी मऊ नळी, रुग्णाजवळ असायला हवा. झडप सापडत नसेल तर ती श्वासनलिकेत गेली असण्याची शक्यता असते. तेव्हा थेट रुग्णालय गाठायचे.

वस्तू द्यायच्या असतील तर स्टोमावर लावायचे ओलावा राखणारे फिल्टर (एक साधारण दिवसभर चालतो) आणि झडप साफ करायचे ब्रश द्या, सीलबंद आणि मुदतीतले. वापरलेला इलेक्ट्रोलॅरिन्क्स चालू असेल तर चार्जरसह घेऊ. सेल मात्र काढून ठेवा, गळले की संपर्कपट्ट्या गंजतात. वापरलेली झडप कोणत्याही परिस्थितीत घेणार नाही.

स्वरयंत्र काढल्यानंतर पुन्हा बोलू लागलेल्यांनी थोडा वेळ द्यावा. ऑपरेशनच्या आधीच अशा कोणाशी बोलणे झाले, तर रुग्णाला पुढचे काय ते नीट कळते. रेडिएशनने स्वरयंत्र वाचले, पण आवाज घोगरा राहिला, अशांसाठीही आमची सत्रे आहेत.

देणगीसोबत ‘शिकवणी’ किंवा ‘साहित्य’ असे लिहावे. काहीच लिहिले नसेल तर रक्कम शिकवणीसाठी वापरू.