एआय ट्रॅफिक गायब झालंय म्हणून

प्रिय पक्या,

परवा फोनवर तू म्हणालास की आता सगळं उडवतो आणि एफएसएक्स, म्हणजे आपलं मायक्रोसॉफ्टचं विमानाचं सिम्युलेटर, नव्याने टाकतो, ते तेव्हापासून माझ्या डोक्यातून जात नाहीये, बोलताना अर्धं राहून जातं म्हणून लिहायलाच बसलोय. प्लीज काही उडवू नकोस. नवा फुकटचा एआय ट्रॅफिकचा, म्हणजे सिम स्वतःच चालवतं त्या इतर विमानांचा, पॅक टाकला आणि आधीची सगळी विमानं गेली, उभी आहेत ती फक्त त्या पॅकमधली चार-पाच, असंच झालंय ना? मग हे दुखणं फाईलचं आहे, पुन्हा इन्स्टॉल करून तोच पॅक परत टाकलास की परत तेच होणार.

होतं काय, एफएस २००४ चं, म्हणजे आधीच्या आवृत्तीचं ट्रॅफिक आणि एफएसएक्सचं ट्रॅफिक दोन्ही बीजीएल नावाच्या डेटा फाईलीतच असतं, बाहेरून अगदी सारखं दिसतं पण आतला फॉरमॅट वेगळा, आणि चालू सीनरीत जुन्या फॉरमॅटची एक जरी ट्रॅफिक फाईल आली की नव्या फॉरमॅटमधली विमानं दिसायचीच बंद होतात, कुठे काही एररसुद्धा येत नाही. म्हणून माणूस सेटिंगमधला ट्रॅफिक किती हवं त्याचा स्लायडर वरखाली करत बसतो. मी पण चार रात्री तेच केलं रे. एआय फ्लाइट प्लॅनर नावाच्या प्रोग्राममध्ये ती फाईल उघड, फॉरमॅट कळेल, तिथूनच एफएसएक्सच्या फॉरमॅटमध्ये बदलून घेता येते. त्याआधी खात्री करायची असेल तर फाईलच्या नावाला शेवटी .ऑफ जोड आणि सिम परत चालू कर, जुनी विमानं परत आली म्हणजे चोर सापडला. डिलीट करायची गरजच नाही.

आता हे झाल्यावरही एखादं विमान सापडलं नाही तर मात्र सगळ्या एअरपोर्टच्या मागे लागू नकोस, एकच विमान धर आणि त्याच्या मागे जा. एसडीकेमध्ये, म्हणजे सिमच्या डेव्हलपर टूल्समध्ये, ट्रॅफिक टूलबॉक्स येतो, त्याच्या ट्रॅफिक एक्सप्लोररमध्ये प्रत्येक एआय विमान आत्ता काय करतंय ते दिसतं. मला खरी अक्कल तिथेच आली. माझं एक ७४७ रोज यायचं, पण गेटवर कधी म्हणजे कधी दिसायचं नाही. एका संध्याकाळी फायनलपासून, म्हणजे उतरायच्या शेवटच्या सरळ टप्प्यापासून, बघत बसलो. छान टेकलं, रिव्हर्स मारला, वेग उतरला, टॅक्सीवेवर वळलं, नाकावरचा लाइट गवतावरून फिरला आणि पुढच्या क्षणी तिथे नुसता काळा टॅक्सीवे! त्याला उभं राहायला जागाच नव्हती म्हणून सिमने ते उचलून टाकलं होतं.

हिशेब साधा आहे, पार्किंगची त्रिज्या साधारण विमानाच्या अर्ध्या पंखविस्ताराएवढी तरी लागते. ७४७-४०० चा पंखविस्तार ६४.४ मीटर, म्हणजे ३२ च्या वर पाहिजे, आणि माझ्याकडचं सगळ्यात मोठं गेट होतं ३० चं. दोन-अडीच मीटरसाठी अख्खं विमान गायब! एअरपोर्टची फाईल बदलायचा एअरपोर्ट डिझाइन एडिटर असतो, त्यात शेवटच्या दोन गेटांची त्रिज्या ३६ केली आणि दुसऱ्या दिवशी ते तिथे उभं होतं, तो आनंद मी सांगू शकत नाही. पण सगळीच गेटं मोठी करू नकोस, शेजारच्यांचे पंख एकमेकांत घुसतात. आणि एका एअरपोर्टच्या दोन फाईली चालू ठेवू नकोस, नवी टाकलीस की जुनी बंद, नाहीतर विमानं गवतातून काय, बिल्डिंगमधून काय, कुठूनही टॅक्सी करतात.

तू गो-अराउंडचं, म्हणजे विमानं न उतरताच परत वर जातात त्याचं, पण म्हणत होतास. बऱ्याचदा पुढचं विमान रनवे वेळेत सोडत नाही, बाहेर पडायचा टॅक्सीवे फार लांब असतो, म्हणून मागचं परत वर जातं. नाहीतर होल्ड शॉर्टची, म्हणजे रनवेच्या आधी थांबायची, खूण रनवेला फार चिकटून असते, तिथे थांबलेलं विमान रनवेवरच आहे असं धरलं जातं. ती खूण जरा मागे सरकव, मी तर आधी तेच बघतो.

बाकी बारीकसारीक म्हणजे फ्लाइट प्लॅनमधल्या, म्हणजे विमानांच्या वेळापत्रकातल्या, वेळा यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) असतात, लोकल घड्याळ लावून वाट बघू नकोस. प्रत्येक प्लॅनला टक्केवारी असते, ६० वाला प्लॅन स्लायडर ५० वर असताना येणारच नाही. आणि विमानाच्या एअरक्राफ्ट कॉन्फिग फाईलमधलं टायटल आणि प्लॅनमधलं टायटल अक्षर न् अक्षर जुळलं पाहिजे, एक स्पेस जास्त पडली तरी विमान गेलं. मला हे सगळ्यात जास्त छळतं कारण डोळ्याला दिसतच नाही, म्हणून मी आता टाइप करतच नाही, कॉपी-पेस्टच करतो.

तर आज रात्री आधी ते .ऑफ करून बघ आणि काय दिसलं ते कळव. परत आली नाहीत तर सीनरी फोल्डरमधल्या ट्रॅफिक फाईलींची नावं मला पाठव, शनिवारी मी मोकळा आहे, फोनवर बसून एकेक उघडून बघू.

तुझाच,
मन्या